शिकलेलं सोबत नेता आलं पाहिजे

कॉलेज मध्येच बदलू द्यावं का, हा वाद गेली काही वर्षं मी ऐकते आहे आणि दर वेळी तो त्याच दोन खुंट्यांना अडकलेला दिसतो. एक बाजू म्हणते, हल्लीच्या मुलांना कुठे टिकून राहायला नको. जरा मनाविरुद्ध झालं की बॅग भरून निघाली. दुसरी म्हणते, फी भरतो तो ग्राहक, त्याला जिथे बरं वाटेल तिथे तो जाईल, अडवणारे आपण कोण? पहिल्यांना हा प्रश्न मुलांच्या स्वभावाचा वाटतो, दुसऱ्यांना बाजाराचा. या भांडणात जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा तो राहूनच जातो. निघालेल्या मुलाने दीड-दोन वर्षं अभ्यास करून, परीक्षा देऊन जे पदरात पाडून घेतलं, त्याचं पुढे काय होतं?

माझं मत आधीच सांगून टाकते. एका ठिकाणी रीतसर शिकून मिळवलेलं ज्ञान आणि त्याची क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर नावावर जमा होणारे श्रेयांक, ही विद्यार्थ्याची मिळकत आहे. नव्या कॉलेजने ती मान्य करणं हा नियम असावा आणि नाकारणं हा अपवाद. नाकारायचंच असेल तर नेमकं काय कमी पडतं हे लेखी सांगण्याची जबाबदारी कॉलेजवर असावी. आज बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं. कॉलेजला नकाराचा एक शेरा पुरतो आणि ‘मला हे येतं’ हे सिद्ध करण्याचा सगळा भार एकोणीस-वीस वर्षांच्या मुलावर पडतो.

हे मी बाहेरून बोलत नाही. शिकवते, आणि दुसऱ्या कॉलेजमधून आलेल्यांचे विषय मान्य करायचे की नाही हे ठरवणाऱ्या समितीवरही बरीच वर्षं बसले आहे. एक फाईल अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मुलगी दुसऱ्या वर्षाची, घरातल्या आजारपणामुळे सगळ्या कुटुंबालाच शहर सोडावं लागलेलं. गुणपत्रिकेसोबत तिने जुन्या कॉलेजच्या सिलॅबसची प्रत जोडली होती, प्रत्येक पानावर सही-शिक्का घेऊन. प्रश्न संख्याशास्त्राच्या पेपरचा होता. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, संभाव्यता, सगळं आमच्यासारखंच. फक्त आमच्याकडे जो एक घटक पहिल्याच पेपरात होता तो त्यांच्याकडे पुढच्या सत्रात ढकललेला. तिने समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘हे आपल्या घटक २ मध्ये येतं’, ‘हे घटक ४’. आम्ही चौघे होतो. ‘घटक जुळत नाहीत’ असा शेरा पडला. पाच मिनिटंही लागली नाहीत. चार सह्यांत एक माझी होती. पुढच्या सत्रात ती माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसली. मी फळ्यावर सरासरीचं सूत्र लिहिलं, तिने नव्या वहीत तारीख घातली आणि ते पुन्हा एकदा लिहून घेतलं.

मग मी स्वतःला विचारलं, आम्ही नेमकं कशाचं रक्षण केलं?

‘एकदा प्रवेश घेतला की तिथेच पूर्ण करायचं’ हा शिक्षणाचा सनातन नियम आहे असं आपण धरून चालतो. इतिहास तसं सांगत नाही. युरोपातली जुनी विद्यापीठं मुळात फिरत्या विद्यार्थ्यांवर उभी राहिली. १२०९ मध्ये शहरवासीयांशी झालेल्या झगड्यानंतर ऑक्सफर्ड सोडून गेलेल्या मंडळींनी केंब्रिजला बस्तान बसवलं. इटलीतल्या बोलोन्यातून बाहेर पडलेले शिक्षक आणि विद्यार्थी १२२२ मध्ये पादुआला एकत्र आले. १४०९ मध्ये प्रागमधून नाराज होऊन निघालेल्यांमुळे लाइपझिगचं विद्यापीठ उभं राहिलं. आज ज्यांची नावं आदराने घेतली जातात त्यांतल्या काहींचा जन्मच कुणीतरी आधीचं ठिकाण सोडल्यामुळे झाला आहे. यातला बोलोन्याचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. विद्यापीठ दुसऱ्या गावी जाऊ नये म्हणून तिथल्या नगरशासनाने तेराव्या शतकात शिक्षक-विद्यार्थ्यांना शपथांनी बांधून ठेवायचा प्रयत्न केला. शपथेने लोक थांबले का? पादुआ उभं राहिलंच. पॅरिसमध्ये १२२९ साली विद्यार्थ्यांच्या मृत्यूनंतर विद्यापीठ बंद पडलं, माणसं ऑर्लेआं, ऑक्सफर्ड, तुलूझ अशी पांगली आणि १२३१ मध्ये पोपने विद्यापीठाचे हक्क मान्य केल्यावर घडी पुन्हा बसली. निघून जाण्याची वाट मोकळी होती म्हणूनच राहणाऱ्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. जिथून कुणाला जाताच येत नाही, त्या संस्थेला सुधारायची घाई कशाला असेल?

आता दुसऱ्या बाजूकडे येते, कारण तिचे काही मुद्दे खरोखर वजनदार आहेत आणि बदलीच्या बाजूने बोलणारे ते नीट ऐकून घेत नाहीत.

पहिला मुद्दा असा की पदवी म्हणजे सुट्या विषयांची मोळी नव्हे. तिला एक क्रम असतो, एक कणा असतो. आधी हाड-स्नायू कळल्याशिवाय शस्त्रक्रिया शिकवता येत नाही. कलनशास्त्राशिवाय पुढचं भौतिकशास्त्र हवेत राहतं. इथून एक आणि तिथून दोन असे विषय गोळा करून पदवी दिली तर ती पोकळ निघेल, ही भीती मला मान्य आहे. वैद्यकासारख्या शाखांत तर क्रमाबद्दल हट्टीच असलं पाहिजे. पण क्रम आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जर्मन विद्यापीठांत एक-दोन सत्रं इथे, पुढची तिथे, असं शिकणं ही सर्वसाधारण रीत होती. भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक म्युनिकला शिकला, १८७७ मध्ये बर्लिनला गेला, तिथे हेल्महोल्ट्झ आणि किर्खहॉफ यांची व्याख्यानं ऐकली आणि १८७९ मध्ये म्युनिकची डॉक्टरेट मिळवली. दुसरा भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न ब्रेस्लाउ, हायडलबर्ग, झुरिच करत गटिंगेनला पोहोचला आणि १९०६ मध्ये तिथे डॉक्टरेट झाला. दोघांना पुढे नोबेल मिळालं म्हणून फिरणं चांगलं, असं मी म्हणत नाही. तो युक्तिवाद लंगडा होईल, कारण फिरून कुठेच न पोहोचलेलेही असणारच. मला दाखवायचं ते एवढंच की त्या व्यवस्थेत कणा होता, आणि तो शेवटच्या परीक्षेत आणि प्रबंधात होता. हजेरीपटावर सलग एकच शिक्का आहे की नाही, यावर तो अवलंबून नव्हता.

दुसरा मुद्दा दर्जाचा. तिथली चार क्रेडिट्स म्हणजे इथली चार क्रेडिट्स कशावरून? हाही प्रश्न रास्त आहे, आणि आपण वापरतो ती मोजपट्टी पाहिली तर आणखीच रास्त वाटतो. तासांवर शिक्षण मोजायची पद्धत अमेरिकेत १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनमुळे पक्की झाली. फाउंडेशन प्राध्यापकांना पेन्शन देणार होतं, त्यासाठी कोणतं कॉलेज खरं कॉलेज हे ठरवायला प्रवेशाच्या अटी एकसारख्या हव्या होत्या आणि त्यासाठी शाळेतल्या विषयांचे तास मोजणारं ‘युनिट’ आलं. पुढे कॉलेजांतही तासांवरच क्रेडिट्स बेतली गेली. मूल किती वेळ बसलं हे त्यातून कळतं, काय शिकलं हे कळत नाही. मग दर्जाची शंका आली तर करायचं काय? सातव्या शतकात नालंदाला गेलेल्या युआन श्वांग या चिनी बौद्ध भिक्षूने लिहून ठेवलं आहे की बाहेरून आलेल्यांना दारातच अवघड प्रश्न विचारले जात आणि दहांतले सात-आठ परत फिरत. परीक्षा कडक होती, पण आलेल्याच्या ज्ञानाची होती. आधीच्या मठातल्या पोथ्यांची यादी नालंदाच्या यादीशी ओळीने जुळते का, असं कुणी पाहिल्याचं त्याने लिहिलेलं नाही. शंका असेल तर एक तासाची तोंडी घ्या, एक पेपर सोडवायला द्या, प्रयोगशाळेत उभं करा. आम्ही त्या मुलीला दहा मिनिटं समोर बसवलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. ते न करता सिलॅबसच्या कागदांची वीण जुळवत बसण्याला आम्ही दर्जा सांभाळणं म्हणत होतो.

आणि ही काही माझी स्वप्नाळू कल्पना नाही. कौन्सिल ऑफ युरोप आणि युनेस्को यांनी १९९७ मध्ये लिस्बनला केलेला करार नेमकं हेच सांगतो. दुसऱ्या देशात पूर्ण केलेला अभ्यासाचा कालावधी मान्य करावा, ठळक फरक दाखवता आला तरच नाकारावा, आणि अर्ज अटींत बसत नाही हे दाखवून देण्याची जबाबदारी तपासणाऱ्या संस्थेची. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत पूर्ण वेळ वर्षाची ६० क्रेडिट्स धरतात आणि विषयाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय करता यायला हवं हे आधी लिहून ठेवतात, म्हणजे तुलना पानांची न होता क्षमतांची होऊ शकते. तिथे सगळं सुरळीत चालतं असं नाही. करार असूनही विभागप्रमुखाची मर्जी आडवी येतेच. पण वाद झाला तर बोट कुणाकडे दाखवायचं हे ठरलेलं आहे. परक्या देशातून येणाऱ्याला जर कारण मागायचा हक्क मिळू शकतो, तर त्याच शहरातल्या दुसऱ्या कॉलेजमधून येणाऱ्याला तो का नसावा? भारतात २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, त्यात विद्यार्थ्याच्या नावावर क्रेडिट्स जमा राहतात. हे स्वागतार्हच आहे. पण खात्यात रक्कम दिसते आणि समोरचा दुकानदार ती घेतच नाही, अशी वेळ आली तर त्या खात्याचा उपयोग काय?

या नकाराची किंमत किती मोठी असू शकते, याचा एक आकडा अमेरिकेच्या सरकारी हिशेब तपासणी संस्थेने २०१७ च्या अहवालात दिला. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स बदलीत गळाली, असा त्यांचा अंदाज होता. यातला काही भाग समजण्यासारखा आहे. कुणी शाखाच बदलली असेल, कुणाचं आधीचं कॉलेज खरंच कच्चं असेल. पण एका सरकारी कॉलेजातून दुसऱ्या सरकारी कॉलेजात जाणाऱ्यांचंही याच अंदाजात ३७ टक्के नुकसान होतं. हे गळालेले तास पुन्हा शिकवायला शिक्षक लागतो, बाक लागतो, फी लागते. ती फी बहुतेक वेळा कर्जाने येते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अस्वस्थ करतो. वाट मोकळी केली तर लहान, साधनं कमी असलेल्या कॉलेजांतली हुशार मुलं वर्षभरात मोठ्या नावाच्या कॉलेजांकडे जातील. ज्या शिक्षकांनी त्यांना पहिल्या वर्षी हाताला धरून उभं केलं, त्यांच्या वर्गात मागे राहतील ते ज्यांना कुठे जाता येत नाही. रिकाम्या जागांमुळे पैसे कमी होतील, पैसे कमी म्हणून शिक्षक कमी होतील. मी अशा कॉलेजात शिकवलं आहे. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सहा जण उरले की शिकवणाऱ्याचा आवाज कसा खाली येतो, हे मला माहीत आहे. त्यामुळे हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही.

पण त्यावरचा उपाय मुलाला डांबून ठेवणं, हा असू शकतो का? संस्थेला निधी कमी मिळतो हा धोरणाचा दोष आहे. त्याचा हप्ता एका विद्यार्थिनीने आपल्या आयुष्यातल्या एका वर्षाने का भरायचा? कॅलिफोर्नियाने १९६० च्या आपल्या उच्च शिक्षण आराखड्यात याला दुसऱ्या टोकाने हात घातला. दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं सर्वांना खुली, आणि तिथून पुढे विद्यापीठात जाण्याची वाट आराखड्यातच आखलेली. विद्यापीठांनी वरच्या वर्गांचं आणि खालच्या वर्गांचं प्रमाण ६०:४० कडे न्यावं, म्हणजे तिसऱ्या वर्षात बाहेरून येणाऱ्यांसाठी मुद्दाम जागा राहतील, असं त्यात होतं. या रचनेत पहिल्या दोन वर्षांच्या कॉलेजाचं विद्यार्थी पुढे पाठवणं हे त्याचं काम ठरतं, हार ठरत नाही. त्या आराखड्यातही पुढे पुष्कळ गोष्टी फसल्या आणि कम्युनिटी कॉलेजात अडकून पडणारे आजही पुष्कळ आहेत. तरी बदली ही अपघाताने घडणारी गोष्ट न राहता आधी विचार करून बांधता येते, एवढं त्यातून नक्की दिसतं. लहान कॉलेजला किती विद्यार्थी शेवटपर्यंत राहिले यावर न मोजता किती जण इथून तयार होऊन पुढे पोहोचले यावर मोजलं आणि त्याप्रमाणे निधी दिला, तर त्याच शिक्षकांची मान ताठ होईल.

मागच्या दाराचा आरोपही याच धाग्यातला. प्रवेशाच्या वेळी ज्याला जागा मिळाली नाही तो वर्षभराने ओळखीपाळखीने आत शिरतो, आणि ज्याने गुणांवर जागा मिळवली त्याच्यावर अन्याय होतो. होतो, नाकारत नाही. पण ओळख कुठे चालते? जिथे रिकाम्या जागा जाहीर होत नाहीत, निकष लिहिलेले नाहीत आणि निर्णय एका खोलीत होतो तिथे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा, पात्रतेची अट आणि कोणते विषय मान्य होतील याची यादी अर्ज करण्याआधी सगळ्यांसमोर टांगा. दार बंद केल्याने मागचं दार बंद होत नाही, त्याचा भाव वाढतो.

राहिला टिकून राहण्याचा उपदेश. त्यात तथ्य आहे, हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ‘मला इथे राहायचं नाही’ म्हणणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना मी स्वतः सांगितलं आहे की एक सत्र थांब, मैत्री होऊ दे, मग ठरव. अनेक जण थांबले आणि रमले. पण सल्ला देणं वेगळं आणि दार लावून घेणं वेगळं. छळ सोसणारा, आजारी आईजवळ जावं लागणारा, हवा तो विषय शिकवणारी व्यक्तीच कॉलेज सोडून गेल्यामुळे अधांतरी राहिलेला, या सगळ्यांना धरसोडीचे म्हणायचं? आणि चिकाटी म्हणजे एकाच इमारतीत बसून राहणं, हे कुणी ठरवलं? बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये कोलंबियाहून लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करण्याची मुभा त्यांना दिली. १९२० मध्ये ते परत गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांच्या चिकाटीबद्दल आपण पुष्कळ बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण त्या चार वर्षांच्या मुदतीबद्दल कुणी बोलत नाही. आधी केलेलं काम जागेवर राहील, परत येशील तेव्हा तिथून पुढे चाल, असं एका संस्थेने म्हटलं होतं. चिकाटी माणसाची असते, पण तिला पाय टेकायला जागा संस्थेनेच द्यायची असते.

आणि म्हणूनच ‘विद्यार्थी ग्राहक आहे’ हा माझ्याच बाजूने केला जाणारा युक्तिवाद मला पटत नाही. ग्राहक वस्तू आवडली नाही तर परत करतो. शिकलेलं परत कसं करणार? ग्राहक म्हटलं की दुकानाचं काम विकण्यापुरतं उरतं आणि दुसऱ्या दुकानातला माल न घेण्याचा त्याला पूर्ण अधिकारही मिळतो. म्हणजे ज्या युक्तिवादाने वाट मोकळी व्हावी तोच ती अडवून बसतो. शिक्षक म्हणून मी दुसऱ्या शिक्षकाच्या कामावर विश्वास ठेवते, तिने शिकवलेलं पुढे नेते, हे आमच्या पेशाचं नातं आहे. समोरच्या कॉलेजातल्या अनोळखी सहकाऱ्याने घेतलेला वर्ग कारण न देता रद्दबातल करणं, हा त्या सहकाऱ्याचाही अपमान आहे. थकबाकीसाठी मूळ गुणपत्रिका अडवून ठेवण्याबद्दल तर लिहायलाही त्रास होतो. पैसे वसूल करायचे इतर मार्ग आहेत. मुलाने दिलेल्या परीक्षेचा पुरावा हे तारण असू शकत नाही.

त्या संख्याशास्त्राच्या फाईलनंतर बऱ्याच काळाने आमच्या समितीच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवून घेतला. त्याचा मथळा आहे, ‘अमान्य केल्यास, या विद्यार्थ्याला नेमकं काय येत नाही?’ त्यावर दोन बैठका वाद झाला. काम वाढेल, कोर्टात कागद दाखवावे लागतील, असं सगळं निघालं. नवा फॉर्म पहिल्यांदा वापरला त्या दिवशी तीन फायली होत्या. दुसरी रसायनशास्त्राची, प्रयोगांची यादी आमच्यापेक्षा बरीच वेगळी. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सरांनी सवयीने ‘घटक जुळत नाहीत’ लिहायला पेन टेकवलं आणि मथळ्याशी थांबले. मग त्यांनी मुलाची प्रयोगवही मागवली. पंधरा-वीस मिनिटं ते एकेक पान उलटत होते, कुणी काही बोललं नाही. एका टायट्रेशनच्या आकडेमोडीवर बोट ठेवून त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘‘याला येतं की हे.’’